तिसऱ्या हेलकाव्यापर्यंत

बाबा गेले त्या दिवशी सकाळी त्यांचा आकडा नऊ होता. दहापैकी नऊ. मी तो फोनवर पाहिला, माझ्या भावाने, हेमराजने, मस्कतमध्ये पाहिला, आणि नागपूरला डॉक्टर तडस यांच्या टेबलावरच्या पडद्यावरही तो हिरव्या रंगात उमटला असणार. आम्ही तिघेही निर्धास्त झालो.

आकडा कशाचा, ते आधी सांगायला हवं.

निरोगी माणूस खुर्चीवरून उठतो तेव्हा रक्त पायांकडे उतरतं आणि क्षणभर दाब पडतो. मानेतल्या मज्जातंतूंना ते जाणवतं, ते मेंदूला कळवतात, मेंदू रक्तवाहिन्या आवळायला सांगतो आणि दाब जागेवर येतो. काही सेकंदांचं काम. आपल्याला पत्ताही लागत नाही. बाबांच्या आजारात ही बातमी नेणारे-आणणारे तंतूच झिजत चालले होते. ते उठले की दाब पडायचा तो पडलेलाच राहायचा. डोळ्यांपुढे अंधारी, मग जमीन. एका वर्षात ते नऊ वेळा पडले. शेवटच्या वेळी मनगट मोडलं, तेव्हा डॉक्टर तडस यांनी तोलक बसवायचं ठरवलं.

तोलक म्हणजे छातीवरची एक पट्टी आणि पाठीच्या कण्यापाशी बसवलेली काडेपेटीएवढी डबी. पट्टी दाब मोजते. दाब पडला की डबी कण्यातल्या तंतूंना हलका विजेचा इशारा देते, रक्तवाहिन्या आवळतात. दाब चढला की डबी इशारा सोडते. मेंदूचं काम यंत्र करतं.

ज्या दिवशी हे आम्हाला समजावून सांगितलं गेलं त्या दिवशी बाबांनी डॉक्टरांना मध्येच थांबवलं.

"म्हणजे बंद लूप," ते म्हणाले.

"हो काका. तुम्हाला माहीत आहे?"

"चौतीस वर्षं बॉयलरच्या ड्रमची पातळी सांभाळली, डॉक्टर. मी इन्स्ट्रुमेंटचा फोरमन होतो. वाव किती ठेवता ते सांगा."

डॉक्टर तडस माझ्याकडे बघायला लागल्या. मीही त्यांच्याकडे बघितलं. मी कॉलेजात भूगोल शिकवते.

परतताना गाडीत बाबांनी मला समजावलं. "लहान होती तेव्हा आंघोळीले गेली का ओरडायची, आठवते? आपला सोलर गच्चीवर, न्हाणीघर खाली. पाइप लांब. पाणी थंड लागलं का तू गरम नळ फिरवायची. गरम पाणी यायले वेळ. तोवर तू अजून फिरवायची. मग बसायचा चटका. मग गरम बंद, थंड चालू. मग पुन्हा थंड म्हणून ओरड. तुझी आई म्हणे नळ खराब आहे. नळ चांगला होता. तुझा हात जोरात होता आन् पाणी उशिरा येत होतं."

एवढंच आहे ते सगळं शास्त्र. स्वतःला सावरणारी कुठलीही व्यवस्था घ्या, बॉयलर असो की शरीर, तिला दोन गोष्टी मारतात: सावरणारा हात फार जोरात असणं, आणि त्याचा परिणाम फार उशिरा पोचणं. दोन्ही हाताबाहेर गेले की सावरण्यानेच हेलकावे वाढत जातात. म्हणून व्यवस्था स्थिर आहे का, एवढं विचारून भागत नाही. काठावर उभा असलेला माणूसही तोवर स्थिरच असतो. काठ किती लांब आहे ते विचारावं लागतं. हात अजून किती पट जोरात पडला तर चालेल, उत्तर अजून किती उशिरा आलं तर चालेल. इंजिनिअर त्याला मार्जिन म्हणतात. बाबा वाव म्हणायचे.

तोलकाचं खरं नवल या मोजण्यात होतं. रोज सकाळी पावणेसातला, माणूस बसलेला असताना, तो मुद्दाम एक छोटी टिचकी द्यायचा. दाब जरासा उचलायचा आणि सोडून द्यायचा. मग वरखाली होत तो कसा शांत होतो ते पाहायचा. हेलकावे पटकन विरले तर वाव भरपूर. रेंगाळले तर काठ जवळ. त्यावरून दहापैकी एक आकडा निघायचा आणि घरच्यांच्या फोनवर जायचा. त्या आकड्यावरून तोलक स्वतःचा जोरही ठरवायचा. वाव आहे असं दिसलं तर धिटाईने काम करायचा. नाही दिसलं तर जपून.

आमचं वीज केंद्र वर्धा नदीच्या काठावर होतं. मी चौथीत असताना बाबांनी मला एकदा कंट्रोल रूम दाखवली होती. भिंतभर काटे, आणि एका खिडकीत हळूहळू सरकणाऱ्या कागदावर लाल शाईची रेघ ओढणारी लेखणी. बाबांनी एक कळ किंचित फिरवली. लेखणी उसळली, खाली गेली, पुन्हा कमी उसळली. माझा हात आपोआप कळीकडे गेला. त्यांनी तो धरला.

"थांब. तिसऱ्या हेलकाव्यापर्यंत हात लावायचा नाही. पहिला असतोच. दुसरा त्याच्या चौथाई असला पाहिजे. तिसरा दिसला नाही पाहिजे. तोवर जो हात लावते तो बॉयलर घालवते."

लेखणी शांत झाली. ते हसले. त्यांच्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला त्यांनी हे शिकवलं असेल. मला आणि हेमराजला तर घरातही. ताप आला तरी, भांडण झालं तरी. तिसऱ्यापर्यंत थांब.

आणखी एक गोष्ट ते सांगायचे, ती मात्र हसत. वरून तपासणीची माणसं यायची असली की जुन्या युनिटचे काटे फार थरथरायचे. साहेब घाबरायचे. मग काट्याकडे जाणाऱ्या नळीवरची बारीक चावी अर्धी बंद करायची. आत काहीही होवो, काटा शांत. "याले आमच्यात काटा झोपवणं म्हणत," ते सांगायचे. "पाहुणे जेवून गेले का पुन्हा उठवायचा."

"आणि कधी उठवायचा राहिला तर?" हेमराजने विचारलं होतं.

"राहत नसे," बाबा म्हणाले. "ज्याने झोपवला त्याची सही असे रजिस्टरात."

२०३८ मध्ये केंद्र बंद झालं. वसाहतीत अकरा कुटुंबं उरली. आई त्याआधीच गेली होती. बाबा एकटे राहायचे आणि मी नागपुरात, अडीच तासांवर. तोलक बसवल्यावर पहिला महिना आकडा सात, सहा, सात असा चालला. मग एका सोमवारी चार आला.

मी वर्गात होते. शिकवणं अर्धवट टाकून निघाले. घरी पोचले तर बाबा व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते.

"तू काहून आली?"

"चार आकडा आहे, बाबा."

"मग चार असन. त्याने काय, मी पाच तास चारच आहे. भाजी चिरू का?"

मी दोन दिवस राहिले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा चार, पुन्हा मी. त्यानंतर पाच आला तरी मी बसस्टँडवर असायचे. कॉलेजने हिमनद्यांच्या अभ्यासासाठी सहा महिने लडाखला जायला माझं नाव सुचवलं होतं. मी नकार कळवला, आणि तो फोन मी त्यांच्या स्वयंपाकघरातून केला. फोन ठेवल्यावर ओट्याला टेकून थोडी रडले. बाबा काठी धरून दारात आले होते. मला वाटलं, आत्ताच आले.

"वैजू," ते म्हणाले, "तुझा हात फार जोरात आहे."

"कुठे?"

"कुठे नाही. चहा ठेव."

दिवाळीनंतर आकडा सुधारला. सात. आठ. सात. आठ. मी आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी जाऊ लागले. हेमराज म्हणाला, "बघ, बाबांनी यंत्रालासुद्धा शिस्त लावली." डॉक्टर तडस म्हणाल्या, "या आजारात असं सहसा दिसत नाही. पण यंत्र शिकतं, शरीरही थोडं शिकतं. आपण आनंद मानू." मी मानला. रोज सात वाजता फोन करून म्हणायचे, "आठ! वा!" तिकडून बाबा म्हणायचे, "मग? फोरमन कोण आहे?"

फेब्रुवारीत चिमणी पाडायची तारीख लागली. दोनशे पंचाहत्तर मीटर उंच, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. आमच्या लहानपणी कुठूनही घराची दिशा तिच्यावरून कळायची. सकाळी दहाला सुरुंग लावणार होते. जुने कामगार शाळेच्या मैदानात जमणार होते.

"मी उभा राहीन," बाबा म्हणाले.

"खुर्चीत बसून दिसेल, बाबा."

"युनिट बंद करताना कंट्रोल रूममध्ये कोणी बसत नसे. तुले माहीत आहे. चीफ इंजिनिअरसुद्धा नाही. शेवटचं युनिट बंद केलं तेव्हा आम्ही सत्तावीस माणसं उभी होतो, काटा शून्यावर येईपर्यंत. आन् मी चिमणी बसून पाहू?"

तोलकात उभं राहण्याची एक वेगळी सोय होती. वीस मिनिटांपर्यंत, पूर्ण जोर. त्यासाठी त्या सकाळचा आकडा आठ किंवा वर हवा आणि घरच्या एका माणसाची संमती हवी. आकडा नऊ आला. मी फोनवर अंगठा ठेवला.

पोहे खाऊन आम्ही निघालो. साडेनऊलाच ऊन कडक होतं. मैदानात शंभरेक माणसं असतील. बरीचशी पांढऱ्या केसांची, काहींनी जुनी हेल्मेटं आणली होती. बाबांना पाहून एकजण ओरडला, "मुनघाटे भाऊ, चिमणीचं कॅलिब्रेशन करून घेतलं का?"

"आता वाकडी पडली तर माझी जबाबदारी नाही!" बाबा म्हणाले. सगळे हसले.

दहाला पहिला भोंगा झाला. बाबा उठले. त्यांचा उजवा हात माझ्या खांद्यावर होता. सगळं मैदान उभं राहिलं. दुसऱ्या भोंग्यानंतर स्फोट होणार होता. तो भोंगा होईना. कुणीतरी सांगितलं, कुंपणाच्या आत गुरं शिरली आहेत, ती काढताहेत.

"बसा नं थोडं," मी म्हणाले.

"आता उठलो नं."

सहा मिनिटं गेली. फोन थरथरला. दाब खाली येऊन ब्याण्णव झाला होता. मग चढला: एकशे शेहेचाळीस. पहिला असतोच, मी स्वतःला म्हटलं. तो उतरला तो चौऱ्याऐंशीवर गेला. आणि पुन्हा चढला. एकशे त्रेसष्ट.

दुसरा पहिल्यापेक्षा मोठा होता. मला ते कळलं. पडद्याच्या खाली लाल गोल होता, दाबला की तोलक जोर कमी करतो आणि माणसाला ताबडतोब आडवं करायचं असतं. माझा अंगठा त्याच्यावर गेला.

"बाबा, बसता का? हेलकावे येताहेत."

त्यांनी चिमणीवरची नजर काढली नाही. "कितवा?"

"दुसरा."

"मग?"

मी अंगठा बाजूला घेतला.

अर्धं मिनिट असेल. त्या अर्ध्या मिनिटात दाब बहात्तरवर गेला आणि माझ्या खांद्यावरचा हात जड झाला. मग तो एकशे अठ्ठ्याण्णववर चढला. मी लाल गोल दाबला. पडद्यावर अक्षरं आधीच आली होती: हेलकावे वाढत असल्याने तोलक बंद झाला आहे. त्याने नियमाप्रमाणे हात काढून घेतला होता. बाबा माझ्या अंगावरून खाली घसरले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मेंदूत रक्तस्राव.

चिमणी पडली तेव्हा आम्ही रुग्णवाहिकेत होतो. आवाज आला. बाबांच्या पापण्या हलल्या की नाही, ते मला सांगता येणार नाही. मी तेव्हा त्यांच्या पावलांकडे बघत होते. एका पायात चप्पल नव्हती.

पंधरा दिवसांनी डॉक्टर तडस यांनी मला बोलावलं. त्यांनी चार महिन्यांच्या नोंदी उघडून ठेवल्या होत्या.

"हे बघा. दिवाळीपासून रोज साडेसहाला दाब वीसेकने चढलेला दिसतो. पावणेसातला चाचणी. आठपर्यंत उतरतो. काका त्या वेळी काय करत होते?"

"बसलेले असायचे. आंघोळ नंतर करायचे."

"पाणी?"

मी साडेसहाच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"या आजारात अर्धा लिटर पाणी एका दमात प्यायलं तर तासभर दाब चढतो. मीठ घालून प्यायलं तर अधिकच. चक्कर आली तर उपाय म्हणून मीच त्यांना सांगितलं होतं. चाचणीच्या वेळी शरीर होतं त्यापेक्षा धडधाकट दिसलं. तोलकाने रोज त्याच शरीराची चाचणी घेतली आणि स्वतःचा जोर वाढवत नेला. मी हे आधी बघायला हवं होतं. आकडा चांगला होता, म्हणून बघितलं नाही."

तुमची चूक नाही, असं मी त्यांना म्हणाले नाही. त्याही मला म्हणाल्या नाहीत.

वसाहतीतल्या घरी गेले. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी स्टीलचा मोठा पेला पालथा घातलेला होता, आत पांढरे डाग. बरणीमागे केंद्रातलं जुनं रजिस्टर होतं, हिरव्या कापडी पुठ्ठ्याचं. छापील रकाने: वेळ, नोंद, शेरा, सही. बाबांनी नोंदीच्या रकान्यात मधोमध उभी रेघ मारली होती. डावीकडे सकाळचा आकडा. उजवीकडे संध्याकाळचा. संध्याकाळी ते दाराची चौकट धरून स्वतः उठून उभे राहत, दंडावरच्या जुन्या मापकावर हेलकावे मोजत आणि आपला आकडा आपण काढत.

पहिल्या पानावर दोन्ही आकडे जवळपास सारखेच होते. चार, चार. शेरा: वैजू आली. दोन दिवस राहिली. पाच, चार. शेरा: वैजू आली. लडाखला नाही म्हणाली. ओट्याशी रडली.

मग दिवाळीनंतरची पहिली तारीख. सात, चार. शेरा: काटा झोपवला. पुढे सही, स. मुनघाटे, शेवटच्या अक्षराखाली ती त्यांची लांब रेघ.

आठ, तीन. वैजू आली नाही. कॉलेजला गेली.

आठ, तीन. वैजू फोनवर हसली.

अशी बारा पानं. एकाही दिवसाची नोंद चुकलेली नाही. शेवटून दुसरी ओळ: आठ, दोन. उद्या चिमणी. शेवटची ओळ त्यांनी सकाळीच लिहिली होती, मी बाहेर गाडी पुसत असताना. नऊ. उजवीकडचा रकाना रिकामा. शेऱ्यात काही नाही. सही होती.

दोन असताना ते उभे राहिले. उभं राहिल्यावर काय होईल हे त्या मैदानात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि मी विचारलं तेव्हा म्हणाले, मग? मला त्यांचा राग आला. अजून येतो. रागाला उत्तर द्यायला कुणी नाही, म्हणून तो विरतही नाही.

नंतर त्या रागाच्याही मागे काय आहे ते दिसायला लागलं. बाबांना खाली-वर करणारा तोलक एकटा नव्हता. चार दिसला की अडीच तासांनी मी पोचायचे, तोवर तो चार जुना झालेला असायचा. मी पोचले की ते हादरायचे, त्यांची झोप जायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. मी आकड्यावर धावत होते आणि आकडा माझ्यावर. बाबांनी ते माझ्या आधी ओळखलं होतं. त्यांना माझा हात थांबवता येईना, म्हणून त्यांनी मला दिसणारा काटा झोपवला. आणि मला, ज्या दिवशी खरंच हात घालायला हवा होता त्या दिवशी, थांबायचं शिकवून ठेवलं होतं.

हा आजार काही घरांत उतरतो. डॉक्टर तडस म्हणाल्या, दोघं भावंडं तपासून घ्या. हेमराजचं ठीक निघालं. माझं मार्चमध्ये कळलं. आता माझ्या छातीवर पट्टी आहे. मी रजा घेऊन वसाहतीत राहते. आठ कुटुंबं उरली आहेत. खिडकीतून जिथे चिमणी दिसायची तिथे आता नुसतं आकाश आहे, घराची दिशा न सांगणारं.

पहिल्या आठवड्यात आकडा पाच आला. हेमराजचा लगेच फोन.

"ताई, मी येतो. रविवारचं तिकीट काढलं."

"येऊ नकोस. पाच म्हणजे काही नाही."

"बाबांच्या वेळी आलो नाही. आता येणार." तिकडे समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात चार वर्षांनी तो आता कायम व्हायच्या बेतात आहे, धाकट्या मुलीची परीक्षा आहे. "मी नोकरी सोडतो, ताई. तिकडेच राहू आपण."

"हेमराज, तिसऱ्यापर्यंत थांब."

"ते नको सांगू मला," तो ओरडला आणि त्याने फोन ठेवला.

त्याचाही हात जोरात आहे. आमच्या घरात सगळ्यांचाच.

आज सकाळी साडेसहाला मी पेला भरला. मीठ विरघळायला वेळ लागतो, चमचा तळाशी बराच वेळ फिरवावा लागतो. एका दमात प्यायले आणि खुर्चीत हालचाल न करता बसले. पावणेसातला पाठीत बारीक टिचकी बसली. सात वाजता फोन वाजला.

"ताई! आठ! वा!"

"मग?" मी म्हणाले.

संध्याकाळी चौकट धरून उभी राहिले आणि मोजलं. मग बाबांच्या रजिस्टरात त्यांच्या शेवटच्या ओळीखाली, एक ओळ सोडून, लिहिलं. आठ, चार. शेरा: हेमराजने तिकीट रद्द केलं. पुढच्या रकान्यात सही केली.